बॉल कोणता, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूल आणि बिलियर्ड्समधल्या ‘एमिंग सिस्टिम’वर, म्हणजे नेम धरण्याच्या ठरीव पद्धतीवर, आपल्या क्रीडा पुरवणीत आलेला लेख वाचला आणि त्यावरची दोन पत्रेही वाचली. लेखाचे म्हणणे असे, की तीन रेषा डोळ्यांत पक्क्या बसल्या की कोणताही बॉल कोणत्याही पॉकेटात जातो. पहिल्या पत्रलेखकाने हे सगळे थोतांड ठरवले. दुसऱ्याने सिस्टिममुळे आपला खेळ सहा महिन्यांत कसा पालटला ते सांगितले. मी चौतीस वर्षे भूकरमापक होतो. दिवसभर जमिनीचे कोन आणि संध्याकाळी टेबलावरचे. दोन्हीकडे कोन चुकला की भांडण होते, म्हणून या भांडणात मोजणीदाराने पडायला हरकत नसावी.

आधी चुकीचा हिशेब मांडतो, कारण तो कोणीच मांडला नाही. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा. समजा क्यू बॉल (काठीने, म्हणजे क्यूने मारायचा तो) ऑब्जेक्ट बॉलपासून (ज्यावर तो धडकवायचा त्यापासून) एक मीटरवर आहे आणि तिथून पॉकेट आणखी एक मीटर. शॉट सरळ आहे. क्यू बॉलची दिशा सहा मिनिटांनी, म्हणजे एका अंशाच्या दहाव्या भागाने चुकली, तर तो पावणेदोन मिलिमीटर बाजूला जाऊन लागतो. तेवढ्याने ऑब्जेक्ट बॉलची दिशा पावणेदोन अंशांनी फिरते आणि पॉकेटपाशी पोहोचेपर्यंत तो तीन सेंटिमीटर सरकलेला असतो. कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साडेचार इंचांच्या आसपास. बॉलची रुंदी वजा केली तर मधोमध धरून दोन्ही बाजूंना तीन सेंटिमीटरही उरत नाहीत. म्हणजे सहा मिनिटांची चूक सतरापट होऊन समोर येते. शेताच्या बांधावर एवढ्या चुकीसाठी कोणी मला चहासुद्धा नाकारला नसता.

आता त्या तीन रेषा पाहू. मागून पाहताना क्यू बॉलने ऑब्जेक्ट बॉल पाऊण झाकला तर ऑब्जेक्ट बॉल साडेचौदा अंशांनी तिरका जातो, अर्धा झाकला तर तीस अंशांनी आणि पाव झाकला तर साडेअठ्ठेचाळीस अंशांनी. हे निव्वळ भूमितीचे आकडे आहेत, त्यात वाद नाही. पण अर्धा आणि पाव यांच्या मध्ये अठरा अंशांची दरी आहे, आणि वर सांगितलेल्या अंतरावर पॉकेट आपल्याला जेमतेम तीन अंशांची सूट देते. शून्यापासून साठ अंशांपर्यंत जायचे तर अशा वीसेक रेषा लागतील. तीन रेषांवर खेळणारा उरलेल्या सतरा कुठून आणतो? त्याचे उत्तर ‘डोळ्याने’ असेच असते, फक्त ते त्याला स्वतःला ठाऊक नसते.

माझी पुतणी पूल खेळते आणि ‘सेंटर टू एज’ची भक्त आहे. ही पद्धत अमेरिकेतल्या हॅल हूल यांनी पसरवली. क्यू बॉलच्या मध्यापासून ऑब्जेक्ट बॉलच्या कडेपर्यंत नजर लावायची, दुसरी एक रेषा त्याच्याशी जुळवायची आणि शेवटी क्यू किंचित फिरवून मारायचा. तिचा दावा होता, की यात पॉकेटकडे पाहावेच लागत नाही, दोन बॉल पुरतात. मी म्हटले, मग पॉकेट झाकू या.

फाइलच्या भोकांना चिकटवतात तशा कागदी रिंगा कापडावर लावल्या, म्हणजे बॉल प्रत्येक वेळी त्याच जागी ठेवता येतात. पॉकेट उघडे असताना तिने वीसपैकी चौदा पॉट केले, म्हणजे पॉकेटात घातले. मग दोन खुर्च्यांना दोरी बांधून आपल्याच वृत्तपत्राचे एक पान त्या कोपऱ्यासमोर लोंबते सोडले. बॉल ते उचलून आरपार जातो. ती बाहेर गेल्यावर मी दोन्ही बॉल एकमेकांशी तसेच ठेवून पंधरा सेंटिमीटर बाजूला सरकवले. दोन बॉलांचे चित्र हुबेहूब तेच, पण पॉकेटचा कोन आठ अंशांहून थोडा जास्त बदललेला. वीसपैकी पाच. पान काढले, बॉल त्याच नव्या जागी, तर वीसपैकी बारा. वीस शॉट म्हणजे काही शास्त्र नव्हे, आणि कुशन, म्हणजे टेबलाच्या रबरी कडा, तिला दिसत होत्या हेही मान्य. ते पाच बहुधा कुशनच्याच कृपेने पडले.

ती म्हणाली, “काका, पॉकेट दिसल्याशिवाय ती रेषा डोळ्यात बसतच नाही.” माझा मुद्दा तरी दुसरा काय होता! दोन बॉलांमध्ये पॉकेटचा पत्ता लिहिलेला नसतो. टेबल दोनास एक या प्रमाणात असते म्हणून हे आपोआप जुळते, असेही काही जण सांगतात. टेबल किती लांब आहे हे बॉलला कोण सांगते, ते मात्र सांगत नाहीत.

शिवाय बॉल भूमितीतल्या वर्तुळासारखा निर्मळ नसतो. दोन बॉल घासतात तेव्हा ऑब्जेक्ट बॉल क्यू बॉलच्या जाण्याच्या दिशेने थोडा ओढला जातो. याला ‘थ्रो’ म्हणतात. शॉट हळू असेल, क्यू बॉल न फिरता घसरत आला असेल आणि कट, म्हणजे तिरकी धडक, अर्ध्या बॉलच्या आसपास असेल तेव्हा हा ओढा सर्वांत जास्त, चार-पाच अंशांपर्यंतही जातो. बॉल मळलेले असतील तर बघायलाच नको. जोरात मारला की कमी होतो, योग्य बाजूची साइड, म्हणजे आडवी फिरकी, दिली की जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे तीच रेषा, तोच कट, पण हळू मारला तर एकीकडे आणि जोरात मारला तर दुसरीकडे. सिस्टिमने खेळणाराही हे सांभाळूनच घेतो, नाहीतर त्याचा एकही हळू शॉट पडला नसता.

इतके वाचून पहिले पत्रलेखक खूश झाले असतील. त्यांनी थोडे थांबावे.

मी बिलियर्ड्सवर वाढलो. आम्हाला पहिल्याच आठवड्यात ‘हाफ बॉल’ शिकवला गेला: क्यूचे टोक ऑब्जेक्ट बॉलच्या कडेवर रोखायचे, क्यू बॉल नीट घरंगळत जाऊ द्यायचा आणि इन-ऑफ घ्यायचा, म्हणजे धडकेनंतर क्यू बॉलच पॉकेटात पाडायचा. तो पडायचा. नवखा असूनही पडायचा. माझी नेमबाजी उपजतच आहे असा माझा बरीच वर्षे समज होता. पुढे पूल खेळायला लागलो आणि त्याच हाफ बॉलने पॉट करायला गेलो, तर बॉल पॉकेटच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने आपटू लागले. नजर तीच, क्यू तोच, माणूस तोच. मग एका पावसाळ्यात कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कोडे सुटले.

घरंगळणाऱ्या क्यू बॉलने ऑब्जेक्ट बॉल पाऊण झाकला तर क्यू बॉल स्वतःच्या मूळ रेषेपासून साधारण साडेसत्तावीस अंशांनी वळतो. अर्धा झाकला तर पावणेचौतीस अंशांच्या आसपास, आणि पाव झाकला तर पुन्हा सव्वासत्तावीस. म्हणजे हाफ बॉल ही टेकडीची सपाट माथ्याची जागा आहे. तिथे नेम अलीकडे-पलीकडे झाला तरी क्यू बॉलची वाट फारशी बदलत नाही. त्याच पाऊण ते पाव या पट्ट्यात ऑब्जेक्ट बॉलची दिशा मात्र चौतीस अंशांनी फिरते. एकाला सहा अंशांचा फरक, दुसऱ्याला चौतीस! इन-ऑफमध्ये क्यू बॉल पॉकेटात घालायचा असतो, म्हणून निसर्ग आमची चूक पोटात घालत होता. पॉट करताना दुसरा बॉल घालायचा असतो आणि तिथे ही माफी नाही. क्यू बॉल घरंगळत नसेल, म्हणजे स्टन (न फिरता घसरणारा) किंवा स्क्रू (उलटा फिरणारा) असेल, तर इन-ऑफलाही नाही.

तेव्हा ‘सिस्टिम चालते का’ असे विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: कोणता बॉल पाडायचा आहे? हाफ बॉल ही क्यू बॉल नेण्याची खरीखुरी सिस्टिम आहे. ऑब्जेक्ट बॉलसाठी ती फक्त एक खूण आहे. पण खूणही वाया जात नाही. थिओडोलाइट, म्हणजे आमचे कोन मोजायचे यंत्र, वाचण्याआधी तो ओळंब्याने खुंटीच्या बरोबर वर बसवावा लागतो. तो नीट बसला नाही तर पुढचे सगळे वाचन फुकट जाते. बॉलची कड डोळ्यांना दिसते, घोस्ट बॉलचा, म्हणजे धडकेच्या क्षणीच्या कल्पित क्यू बॉलचा, मध्य मोकळ्या कापडावर कल्पावा लागतो. पुतणीची पद्धत तिला दर वेळी त्याच रेषेवर उभे करते, डोके त्याच जागी आणते. वाकल्यावर होणारी तिची चुळबुळ थांबली, हे मी पाहिले आहे. जो डेव्हिस यांची उजव्या डोळ्याची नजर अधू होती. त्यांनी क्यू डाव्या डोळ्याखाली धरला आणि १९२७ ते १९४६ या काळात स्नूकरचे जगज्जेतेपद पंधरा वेळा जिंकले. उभे कसे राहायचे, ही इतकी मोठी गोष्ट आहे. पण यंत्र केंद्रावर बसवले म्हणजे कोन वाचून झाला असे नव्हे, आणि ‘सगळे फीलवर असते’ म्हणणाऱ्यांनी नवशिक्याला यंत्र कुठे ठेवायचे ते तरी सांगावे.

शेवटी एक तक्रार. लेखासोबतच्या आकृतीत क्यू बॉलच्या मध्यापासून निघालेला बाण थेट दोन बॉलांच्या स्पर्शबिंदूवर रोखलेला आहे. असे मारले तर तीस अंशांचा कट जेमतेम साडेचौदा अंशांचा होईल आणि बॉल कुशनवर जाईल. बाण स्पर्शबिंदूच्या पलीकडे, क्यू बॉल धडकताना त्याचा मध्य जिथे असेल तिथे जायला हवा. कृपया आकृती दुरुस्त करून छापावी. पोरे ती कापून क्यूच्या पेटीत ठेवतात.

हे पत्र पुतणीला वाचून दाखवले. पान लावलेले असताना पाच नव्हे, सहा पडले होते, एक पॉकेटच्या जबड्याला लागून आत गेला आणि काकांनी तो धरला नाही, असे तिचे म्हणणे आहे. तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक