ठेका चुकला त्या सकाळविषयी

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

परवा शाळेतून 26 जानेवारीच्या लेझीमची सूचना आली आणि ती पुरती न वाचताच तू दप्तरात परत सरकवलीस, हे मी ओट्यापाशी उभी राहून पाहिले. तिसरीतली ती सकाळ तू विसरलेला नाहीस. हलगीच्या चार ठोक्यांत वाकायचे, उठायचे, लेझीम उघडायची आणि मिटायची, एवढेच होते. पण तुझी लेझीम कधी ठोक्याआधीच खणखणत होती, तर कधी सगळ्यांची मिटल्यावर एकटीच वाजत होती, आणि शेवटी तुला रांगेतून काढून पाण्याच्या पिंपाजवळ उभे केले. घरी आल्यावर मीही तुला ‘जरा लक्ष देत जा’ असेच म्हणाले. ते वाक्य मला आज मागे घ्यायचे आहे.

गेल्या वर्षी थेरपीच्या बाईंनी तुला संगणकाच्या कळीवर ‘टिक’बरोबर बोट मारायला लावले होते, ते आठव. काही वेळाने टिक बंद झाली आणि तीच लय तुला मनाने पुढे चालवायची होती. टिक होती तोवर तू बरेच जुळवून घेतलेस. ती थांबताच ठोके विखुरले. मी तुला संथ समजत आले होते, पण तुझा सरासरी वेग ठीकच निघाला. दोन ठोक्यांमधले अंतर मात्र सारखे कमीजास्त होत होते. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि उतावळेपणा आवरणे अवघड जाते ती तुझी अवस्था, असलेल्या अनेक मुलांत हीच अनियमितता संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळली आहे, आणि तिचा हट्टाशी किंवा आळसाशी काही संबंध नाही. हालचालीची वेळ साधण्याचे काम लहान मेंदू, मेंदूच्या गाभ्यातला बेसल गँग्लिया हा भाग आणि कपाळामागचा भाग मिळून करतात, त्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा वाटा मोठा असतो, आणि एडीएचडीत फरक दिसतो तो याच यंत्रणेत.

विंग आणि क्रिस्टॉफरसन या दोघा संशोधकांनी 1973 साली मांडलेला एक विचार मला फार पटला. त्यांच्या मते ठोका दोन ठिकाणी चुकू शकतो: आतल्या घड्याळात किंवा हुकूम पाळणाऱ्या हातात. हाताला एखाद्या वेळी उशीर झाला, तर आधीचे अंतर लांबते आणि पुढचे तेवढेच आखडते, म्हणजे चूक तिथेच फिटते. घड्याळाची चूक अशी फिटत नाही, पुढचा प्रत्येक ठोका तिच्यासकट सरकत जातो. हे वाचल्यावर, ‘हात नीट चालव’ असे तुला किती वेळा सांगितले, ते आठवून मला वाईट वाटले.

तुझ्या बाबतीत स्वमग्नताही (ऑटिझम) आहे. पन्नास लेझीम एकदम वाजल्या की तू खांदे कानांपर्यंत ओढून घेत होतास. ज्या आवाजातून ठेका पकडायचा, तोच आवाज तुला सोसत नव्हता. ही दोन्ही निदाने एकाच मुलाच्या कागदावर लिहिण्याची मुभा अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने मे 2013 मध्ये दिली; तू तेव्हा एक वर्षाचाही नव्हतास. त्याआधीच्या मुलांना दोहोंपैकी एकच नाव मिळे आणि उरलेला त्रास ‘स्वभाव’ ठरे. त्या मुलांचा विचार मनात आला की मला अजून अस्वस्थ वाटते.

आजोबांबरोबर दिंडीत चाललास तेव्हा टाळ तुझ्या हातात होते आणि आजोबा मागून तुझ्या खांद्यावर बोटांनी ठेका देत होते. गावाच्या वेशीपर्यंत तुझा एकही टाळ चुकला नाही. कानाने जे साधत नव्हते, ते तुला स्पर्शाने मिळाले, असे मला वाटते. थेरपीच्या बाईंनाही मी हे सांगितले आहे, आणि पुढच्या खेपेस त्या तसे करून पाहणार आहेत.

सूचनेवर मी सही केलेली नाही. शुक्रवारपर्यंत ती द्यायची आहे. तुला खेळायचे असेल तर खांद्यावर ठेका देणारा एक जोडीदार मागेन, नको असेल तर तसे लिहून कळवीन; काय करायचे ते तू सांग.

तुझी,
आई