अंतर एक, वेळ मात्र दोन

संपादक महोदय,

‘या दोन शहरांत इतके किलोमीटर अंतर, विमानाने इतके तास’ असे आकडे बातम्यांत आणि प्रवासाच्या पुरवण्यांत सर्रास छापले जातात. त्यांतले अंतर बहुधा बरोबर असते, वेळेचा मात्र हमखास घोळ होतो.

हवाई अंतर बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि ६,३७१ किमी ही सरासरी त्रिज्या एवढ्यावर काम भागते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, तो सोडून द्यावा. खरी गडबड होते ती आकडे भरताना. ५२ अंश ५० मिनिटे म्हणजे ५२.५० नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचे, की ५२.८३३ मिळतात. हे विसरले तर शहर ३७ किमी सरकते. शिवाय वैमानिकांचा सागरी मैल १.८५२ किमीचा आणि रस्त्यावरचा १.६०९ किमीचा. एकाच्या जागी दुसरा धरला, तर चूक पंधरा टक्के!

आता वेळ. अंतराला ताशी ८५० किंवा ९०० किमी वेगाने भागले की झाले, असा समज आहे. पण १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किमीच्या वर जाता येत नाही. चढणे, उतरणे, धावपट्टीशी जुळवून घेणे यासाठी भागाकारात ढोबळमानाने अर्धा तास मिळवावा. पाचशे किमीच्या प्रवासात हा अर्धा तास म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ, म्हणून जवळच्या शहरांचे छापील आकडे सर्वांत जास्त फसवे असतात.

लांबच्या मार्गांवर वारा हिशेब बिघडवतो. लंडन-न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५५० किमी. विमानाचा हवेतला वेग ८८० आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा १२० धरला, तर चढ-उतार सोडून पूर्वेकडे ५ तास ३३ मिनिटे लागतात आणि पश्चिमेकडे ७ तास १८ मिनिटे. वारा नसता तर दोन्हीकडे ६ तास १८ मिनिटे. म्हणजे एकीकडे पाऊण तास वाचतो, दुसरीकडे पूर्ण तास जातो. उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असते, म्हणून फिटंफाट होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. तेव्हा ते ध्वनीपेक्षा वेगाने उडाले, असेही म्हटले गेले. तसे काही झाले नव्हते. ताशी १,३०० किमीचा वेग जमिनीच्या तुलनेत होता, भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच गतीत होते.

वेळापत्रकातला वेळ आणखी निराळा. तो ‘ब्लॉक टाइम’: विमान जागचे हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात दोन्हीकडचे टॅक्सी करणे, म्हणजे विमानाचे धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणे-येणे, आणि उशिरासाठी ठेवलेली थोडी सवड धरलेली असते. छापलेल्या वेळा ज्या त्या शहराच्या स्थानिक, तेव्हा वजाबाकीपूर्वी दोन्ही एका प्रमाणवेळेत आणाव्यात. उन्हाळ्यात काही देश घड्याळ तासभर पुढे करतात, तिकडेही बघावे.

कधी वाटच बंद होते. २०२२ मध्ये युरोपीय विमानांना रशियाचे आकाश बंद झाले, वळसा घ्यावा लागला आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता तो तेराच्या घरात गेला. बृहद्वृत्तावरचे ७,८०० किमी अंतर अर्थातच जिथल्या तिथे होते.

तेव्हा आकड्यासोबत दिशा द्यावी, तो हवेतला वेळ की ब्लॉक टाइम हे लिहावे आणि शहराऐवजी विमानतळाचे नाव छापावे. टोकियोचे हानेदा शहरालगत आहे, नारिता मात्र मध्यवस्तीपासून सुमारे ६० किमी दूर आहे.

– एक वाचक