रविवारची बैठक : सेटन आणि त्याचा लोबो

सभासद मंडळी, आठवण करून देतोय. येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्याच जागी, प्राणिकथा लिहिणारे अर्नेस्ट थॉम्पसन सेटन (१८६०–१९४६) यांच्यावर गप्पा.

जन्म इंग्लंडचा, बालपण कॅनडात. न्यू मेक्सिकोत गुरं मारणाऱ्या लांडग्यांच्या बंदोबस्ताला गेलेला हा माणूस. त्यातला लोबो नावाचा लांडगा विषाला भुलला नाही. त्याची जोडीदारीण ब्लँका मारली गेली, आणि तिच्या मागावर आलेला तो १८९४ मध्ये सापळ्यात अडकला. ती कथा सेटनच्या १८९८ च्या ‘वाइल्ड ॲनिमल्स आय हॅव नोन’ या संग्रहात आहे. निदान तेवढी वाचून या. (गेल्या खेपेला निम्मे जण कोरेच आले होते!)

१९०३ मध्ये अमेरिकन निसर्गलेखक जॉन बरोज यांनी अशा ‘खऱ्या’ प्राणिकथांना खोटं ठरवलं. मला बरोज थोडे कडकच वाटतात. भांडायला तयार राहा. चहा आहे, कप घरून आणा.