सायकी म्हणजे आत्मा नव्हे, जीव

अथेन्स, रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वाचनालयातल्या व्याख्यानाचं टिपण मिळालं, दोनदा वाचलं. मांडणी छान झालीय, पण ग्रीकांच्या ‘सायकी’ला तुम्ही सगळीकडे ‘आत्मा’ म्हटलंय, तेवढं बदला. तिथे ‘जीव’ घाला. ‘रोपाने जीव धरला’, ‘जीव कासावीस झाला’, ‘जीव गेला’ हे सगळे अर्थ तो एक ग्रीक शब्द पेलतो. इथे आजही माणसं लाडाने ‘प्सिही मू’ (प्सिही म्हणजे हीच सायकी) म्हणतात, म्हणजे आपलं ‘माझ्या जिवा’.

‘आत्मा’ ठेवला तर कुठे अडतं ते बघा. चुंबक लोखंड हलवतो म्हणून त्यात सायकी आहे, असं थेलीस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचं मत अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवलंय. चुंबकाला आत्मा म्हटलं की श्रोते गोंधळतील. जीव म्हटलं की लगेच कळेल, जे हलवतं त्यात जीव. महाकवी होमरकडे सायकी म्हणजे मेलेल्याची नुसती छाया. त्याचा नायक ओडिसियस खड्डा खणून त्यात मेंढ्यांचं रक्त सोडतो, ते प्यायल्यावरच त्याच्या मेलेल्या आईला तो ओळखू येतो. तिला मिठी मारायला तो तीनदा पुढे होतो आणि तिन्ही वेळा ती सावलीसारखी निसटते. शुद्ध-बुद्ध आत्म्याशी हिचं काय नातं?

गीतेतल्या ‘वासांसि जीर्णानि’ची, म्हणजे जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याच्या दृष्टान्ताची, प्लेटोशी जोडी लावलीय ती राहू द्या, पण उलटी करून. इ.स.पू. ३९९, सॉक्रेटिसचा तुरुंगातला शेवटचा दिवस. त्या दिवसावरच्या प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात वस्त्राचा दृष्टान्त देतो तो सॉक्रेटिसशी बोलणारा, शंका घेणारा केबीस. म्हातारा विणकर आयुष्यभर स्वतःसाठी अंगरखे विणतो आणि एकेक झिजवतो, पण तो मरतो तेव्हा शेवटचा अंगरखा मागे उरतोच. अंगरखा टिकला म्हणून विणकरही कुठेतरी असणारच, असं म्हणता येईल का? मग जीवही कितीतरी शरीरं झिजवून शेवटच्या शरीराआधीच संपत असेल तर? गीतेत जो दृष्टान्त अमरत्व समजावतो, तोच इथे अमरत्वावर बोट ठेवतो. व्याख्यानाचा खरा गाभा मला इथेच दिसतो, याला भरपूर वेळ द्या.

सॉक्रेटिसचं उत्तर असं: तीन हा आकडा जाईल तिथे विषमपणा घेऊन जातो, सम कधी होत नाही. तसा जीव जाईल तिथे जगणं घेऊन जातो, म्हणून तो मरण स्वीकारत नाही. कच्ची जागा इथे आहे. बर्फही उष्णता स्वीकारत नाही, पण आग जवळ आली की वितळतो. मरण न स्वीकारणं वेगळं आणि नष्ट न होणं वेगळं. सॉक्रेटिसला ही फट दिसते, पण जे अमर ते अविनाशी असणारच, एवढी केबीसची संमती घेऊन तो पुढे जातो.

कठोपनिषदाच्या रथाचंही तसंच. तिथे आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादातल्या रथात सारथीही सायकी आणि दोन्ही घोडेही सायकी, एक शहाणा, एक आडमुठा. मागे बसलेला शांत रथी तिथे नाहीच. वासना जीवाबाहेरची नाही, जीवाचाच एक भाग आहे, हे प्लेटोचं म्हणणं ‘आत्मा’ शब्दाखाली पार दडून जातं.

अ‍ॅरिस्टॉटलवर दोन मिनिटं पुरेत. शरीर आणि जीव एक की दोन, हे विचारणं त्याला मेण आणि मेणावरचा ठसा एक की दोन असं विचारण्यासारखं वाटतं. डोळा हा प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा जीव. दगडात कोरलेला डोळा फक्त नावाचा डोळा. त्याच्या हिशेबात रोपालाही सायकी आहे, पोषण आणि वाढीपुरती. प्राण्यात संवेदनेची भर, माणसात विचाराची. शुद्ध बुद्धीला मात्र तो शरीरापासून वेगळी होऊ शकणारी म्हणतो, आणि तिथे अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

अवतरणांना पुस्तकातल्या पानांचे आकडे देऊ नका, ते प्रत्येक भाषांतरात बदलतात. समासातले द्या: विणकर ‘फीडो’ ८७, रथ ‘फीड्रस’ २४६, डोळा अ‍ॅरिस्टॉटल ४१२. प्लेटोचे आकडे १५७८ च्या जिनिव्हा आवृत्तीचे आणि अ‍ॅरिस्टॉटलचे १८३१ च्या बर्लिन आवृत्तीचे आहेत, चांगल्या भाषांतरांत तेच छापलेले असतात.

दुरुस्त केलेलं टिपण पाठवा, रात्रीतून वाचून कळवते. आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी