विषय: सर्क्युलर सॉसोबत दिलेली 2 अँपिअर-तासाची बॅटरी आणि मला न विचारता बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

अर्ध्या तासापूर्वी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सहाव्यांदा बोलणं झालं. सातव्यांदा बोलायची माझी तयारी नाही, म्हणून हे पत्र.

तुमचा 18 व्होल्टचा, 165 मिलिमीटर गोल पात्याचा कॉर्डलेस सॉ, म्हणजे बॅटरीवरची करवत, मी बॅटरी-चार्जरसकट घेतला. खोक्यात बॅटरी निघाली 2 अँपिअर-तासाची, म्हणजे कमी चार्ज मावणारी छोटी. 18 मिलिमीटरचा 8 फुटी प्लाय उभा चिरायला घेतला की पाचव्या फुटाच्या आसपास मशीनचा आवाज बसतो, पातं घासायला लागतं, बॅटरीचा दिवा लुकलुकतो आणि सगळं बंद. पातं प्लायमध्येच अडकलेलं. बाहेर काढावं तर कापाच्या कडेला बोटभर काळा डाग आणि जळका वास. दहा मिनिटं थांबलं की मशीन परत चालू, बॅटरी अजून निम्मी भरलेली. म्हणजे चार्ज संपल्यामुळे ते बंद पडत नाही. हे मी सहाही वेळा सांगितलं, आणि सहाही वेळा मला विचारलं गेलं, "सर, बॅटरी फुल चार्ज केली होती का?"

पात्याचं आधीच सांगतो. पहिल्या दिवशी मी बारीक दातांचं पातं लावलं होतं, ती चूक माझी. त्यानंतर 24 दातांचं नवं कोरं पातळ पातं लावलं, प्लायखाली जेमतेम 5 मिलिमीटर उतरेल इतकंच ठेवलं. फरक पडला तो अर्ध्या फुटाचा.

मग ओळखीच्या एका सुताराकडून तुमच्याच कंपनीची 5 अँपिअर-तासाची बॅटरी मागून आणली. मशीन तेच, पातं तेच, प्लायही त्याच गठ्ठ्यातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात चिरला, आवाज जराही बसला नाही. लागोपाठ चार प्लाय झाले.

आजच्या फोनवर मी हेच सांगितलं. पुढचं संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड असेल, तरी लिहितो.

"सर, बॅटरी मोठी असली तर फक्त जास्त वेळ चालते. ताकद तेवढीच असते. दोन्ही 18 व्होल्टच आहेत."
मी म्हटलं, "मग छोटीवर पाचव्या फुटाला का थांबतं?"
"तुम्ही मशीन जास्त दाबत असाल."
"मोठीवरही मीच दाबत होतो."
जरा वेळ शांतता. मग, "म्हणजे सर, मोठ्या बॅटरीवर व्यवस्थित चालतंय?"
"हो."
"मग प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला ना सर? तक्रार क्लोज करते."

मागून आणलेल्या बॅटरीवर माझा प्रश्न सुटला! फोन ठेवून दोन मिनिटंही झाली नव्हती, तर मेसेज आला: तक्रार बंद, ग्राहक समाधानी.

त्या बाईंचा दोष मी धरत नाही, त्यांना जे पढवलं ते त्या बोलल्या. पण तुमच्याकडे बॅटऱ्या बनवणारी माणसं आहेत, त्यांना तरी हे ठाऊक असणारच. छोट्या पॅकमध्ये पाच सेल, एकामागोमाग एक जोडलेले. मोठ्यात दहा, दोन-दोनच्या जोड्या. सॉने 30 अँपिअर ओढले तर छोट्यातल्या प्रत्येक सेलवर पूर्ण 30 येतात, मोठ्यात 15. समजा एका सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतच होणारा अडथळा, 20 मिलिओहम आहे. मग छोट्या पॅकचे 3 व्होल्ट आतच खर्च होतात, मोठ्याचे दीड. सेल तापतो तो करंटच्या वर्गाने, करंट दुप्पट तर उष्णता चौपट, म्हणजे छोट्यातला प्रत्येक सेल चौपट तापतो. व्होल्टेज पडलं की पातं मंदावतं, मंदावलं की लाकूड घासून जळतं, मोटर आणखी करंट ओढते, आणि शेवटी पॅकमधलं संरक्षण सर्किट सगळं तोडतं. सर्किट बरोबरच वागतंय. तुमच्या कंपनीत तेवढं एकच बरोबर वागतंय म्हणा.

नुसत्या अँपिअर-तासावर सगळं ठरत नाही, हेही मला कळतं. 21700 मापाच्या जाड सेलचा पाच सेलचाच पॅक जुन्या, बारीक 18650 मापाच्या पाच सेलपेक्षा जास्त भार सोसतो. छोटी बॅटरी ड्रिलला उत्तम आहे, पट्ट्या आडव्या कापायलाही चालते, शिवाय हलकी. पण खोक्यावर चित्र कशाचं छापलंय? जाड फळी उभी चिरणाऱ्या माणसाचं. आणि त्या चित्रातल्या मशीनला बॅटरी कोणती लावलीय, तेही जरा नीट पाहा. मोठी आहे.

तुमची ड्रिल मी सहा वर्षं वापरतोय, तिच्या भरवशावर सॉही तुमचाच घेतला. एकच बॅटरी सगळ्या मशीनना चालते म्हणून माणूस एका कंपनीला बांधला जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण ड्रिलसकट सगळं विकून दुसरीकडे जायला मला एक दिवस पुरेल.

माझी मागणी: 2 ची बॅटरी परत घ्या आणि त्याच खोक्याच्या हिशेबात 5 ची द्या, नाहीतर अख्खा संच परत घ्या. तक्रार पुन्हा उघडा, "ग्राहक समाधानी" हा शेरा काढा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन, जळक्या कडेचा प्लाय पुरावा म्हणून ठेवलेलाच आहे. उत्तरात बॅटरी फुल चार्ज होती का, हे विचारू नका. होती.

एक त्रस्त ग्राहक

ता. क. मागून आणलेली बॅटरी सोमवारी परत द्यायची आहे. दोन कपाटांचे प्लाय अजून चिरायचे राहिलेत.