नर्सिंगची फी छापली जाते, मग पगार का नाही?

संपादक महोदय,

बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की पालक कॉलेजांच्या फीचे आकडे घेऊन फिरू लागतात. हे आकडे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि जाहीरही करते. चार वर्षे शिकून बाहेर पडलेल्या मुलीच्या हातात महिन्याला किती पडतात, हे मात्र कोणीच सांगत नाही.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या ग्रामीण शाखांत कर्ज विभाग सांभाळला आहे. शैक्षणिक कर्ज देताना विद्यार्थ्याचे भावी उत्पन्न पाहावे, असे बँकांच्या आदर्श योजनेतच लिहिले आहे. प्रत्यक्षात आम्ही बापाचा सातबारा पाहायचो आणि सहकर्जदाराचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा गुणांक. भावी उत्पन्नाचा आकडा आणणार कुठून? कॉलेजच्या माहितीपुस्तकात ‘100 टक्के प्लेसमेंट’ एवढेच छापलेले असायचे, कुठे आणि किती पगारावर ते नाही. चार लाखांपर्यंत तारण लागत नसल्याने प्रकरणे पटकन मंजूर व्हायची. शाखेचे उद्दिष्टही गाठले जायचे, हेही सांगितले पाहिजे.

चार लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर हप्ता 6,700 रुपयांच्या घरात जातो. शिकत असतानाचे व्याज मुद्दलात मिळवले की आणखी वर. आमच्याकडे तालुक्याच्या खासगी दवाखान्यात नवी नर्स बारा ते पंधरा हजारांवर लागते. त्यात खोलीभाडे, मेस आणि नाइट ड्युटीला जायची रिक्षा. हप्ता ती भरणार कशातून? म्हणून या कर्जखात्यांत मुलीचा पगार क्वचितच दिसायचा, दिसायचे ते बापाचे ऊसबिल. कारखान्याचे पैसे जमा झाले की दोन-तीन थकलेले हप्ते एकदम वळते व्हायचे आणि खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होता होता वाचायचे.

राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचे, म्हणजे स्टाफ नर्सचे, मूळ वेतनच 35,400 रुपयांपासून सुरू होते. पण त्या जागा थोड्या आणि भरती रखडलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 2016 मध्ये नेमलेल्या केंद्राच्या समितीने खासगी रुग्णालयांसाठीही आकडे सांगितले होते : 200 खाटांच्या वर सरकारी नर्सइतका पगार, 100 ते 200 खाटांना फार तर दहा टक्के कमी, 50 ते 100 खाटांना फार तर पंचवीस टक्के कमी आणि 50 खाटांच्या आतल्या दवाखान्यातही किमान 20,000. केरळमध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. आमच्या तालुक्यातल्या दवाखान्यांत त्या 20,000 चा पत्ता नाही.

राज्याने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले, हे चांगलेच झाले. पण संस्था कोट्यातला प्रवेश आणि अभिमत विद्यापीठे त्यात नाहीत, वसतिगृहाचा खर्च सुटत नाही आणि नर्सिंग करणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न आहेच. शिवाय फी माफ झाल्याने पगार वाढत नाही.

सर्वांत खटकते ते वेगळेच. कित्येक ठिकाणी कॉलेज आणि रुग्णालय एकाच ट्रस्टचे असते. चार वर्षे फी घ्यायची, त्याच काळात वॉर्डात राबवून घ्यायचे आणि पास झाल्यावर नोकरी न सोडण्याचा बॉण्ड लिहून घेऊन, ओरिजिनल कागद कपाटात ठेवून तिला तुटपुंज्या पगारावर ठेवायचे. तोच ट्रस्ट माहितीपुस्तकात या नेमणुकीला ‘प्लेसमेंट’ म्हणतो.

उपाय फार खर्चाचा नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे प्रत्येक नर्सची नोंदणी असते आणि ठरावीक वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या अर्जात कॉलेज, सध्याचा पगार आणि शिल्लक कर्ज असे तीन रकाने वाढवावेत. नावे न देता कॉलेजवार मधला पगार (निम्म्या जणींना ज्याहून कमी आणि निम्म्या जणींना ज्याहून जास्त मिळतो तो आकडा) दरवर्षी जाहीर करावा आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने तो त्या कॉलेजच्या फीशेजारीच छापावा. बँकांनाही मग सातबाऱ्याऐवजी तो आकडा मागता येईल. संस्थाचालक नाराज होतील. पण सुवर्णपदक विजेत्यांचे फ्लेक्स चौकात लावताना त्यांना आकड्यांचे वावडे नसते.

— एक निवृत्त बँक अधिकारी, मिरज