मालवण सागरी अभयारण्य सहल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी पहाटे ५ वाजता दसरा चौकातून मालवणसाठी बस सुटेल आणि ती फोंडा घाटमार्गे जाईल. उशिरा येणाऱ्यांसाठी बस थांबणार नाही.

मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य असून त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि जवळचा पद्मगड त्याच्या गाभा क्षेत्रात (सर्वाधिक संरक्षित भागात) येतात, त्यामुळे किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत पाय ठेवल्यापासूनच पुढील नियम लागू होतील.

१. प्रवाळाला हात लावू नये आणि स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासनळी धरून पाण्यात पाहत पोहणे) करताना दम लागला तरी त्यावर उभे राहू नये. खडकासारखे दिसणारे प्रवाळ म्हणजे असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. तिची वाढ अतिशय मंद असते आणि पायात घालायच्या फ्लिपरच्या (पोहण्याच्या रबरी पंखाच्या) एका फटक्यानेही तिचा तुकडा पडतो.

२. प्रवाळ, अगदी किनाऱ्यावर वाहून आलेला मृत तुकडासुद्धा, सोबत आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार प्रवाळाला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे. शोकेससाठी शंख-शिंपले गोळा करण्याची आपली जुनी हौसही या वेळी आवरावी.

३. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासव किंवा त्याचे घरटे आढळल्यास दूर राहावे, फ्लॅश वापरू नये व वनविभागास कळवावे.

४. माशांना पाव, बिस्किटे घालू नयेत आणि प्लास्टिकचा कचरा बसमध्येच परत आणावा.

पोहता न येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत तसे कळवावे. होडीत लाइफ जॅकेट सर्वांनाच सक्तीचे राहील.

— सहल समिती